बोटभर मुखपृष्ठ

मराठीत मुखपृष्ठाची चर्चा आपण फार कमी केली. समीक्षेने संहितेचा पापुद्रा न् पापुद्रा सोलून पाहिला. पुस्तकाच्या दर्शनी भागाकडे मात्र बहुधा सजावट म्हणूनच पाहिले. दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) मुखपृष्ठे वाचकांच्या डोळ्यांत घर करून राहिली, वसंत सरवट्यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे रेखाटली, तरी एम.ए.च्या वर्गात मुखपृष्ठ हा अभ्यासाचा प्रश्न म्हणून क्वचितच येतो. आमच्यापुढे तो आला तोही पुस्तकामुळे नव्हे, एका व्हिडिओ गेममुळे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मित्राच्या मदतीने एक छोटा गेम तयार केला आहे. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातलाच हा मुलगा, बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला, पुढे संगणकाकडे वळलेला. गेमचा विषय तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. चाकांचे लाकडी बैल सजवून मुले ते दोरीने ओढत घरोघर नेतात आणि घरची माणसे त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे चार पैसे किंवा खाऊ, ठेवतात. गेममध्ये खेळणाऱ्याने असाच एक बैल गल्लीबोळांतून न्यायचा, चिखल चुकवायचा, कोंबड्यांना वाट द्यायची, बोजारा गोळा करायचा. दहा मिनिटांचा विरंगुळा. “सर, मॅडम, फक्त कव्हरवरचं नाव कसं लिहावं तेवढं सांगा,” एवढेच त्याचे मागणे होते. ‘तेवढे’ या शब्दात किती मावते, ते पुढचे काही आठवडे आम्हांला कळत गेले.

पहिली अडचण जागेची. पुस्तकाचे मुखपृष्ठ हातात धरता येते. गेमचे मुखचित्र शेकडो चित्रांच्या गर्दीत बोटाएवढ्या जागेत उभे असते. स्टीम या संगणकीय दुकानाला एकाच गेमची अनेक मापांची चित्रे लागतात. मोठे चित्र १२३२ × ७०६ पिक्सेलचे, उभे ७४८ × ८९६ चे आणि सर्वांत लहान आडवे ४६२ × १७४ चे. हे लहान चित्र यादीत प्रत्यक्ष दिसताना आणखी आक्रसते. गूगल प्लेला ५१२ × ५१२ चे चौकोनी चिन्ह लागते, आणि फोनच्या पडद्यावर तेही अंगठ्याच्या नखाएवढे होते. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने या चित्रांवर गेमचे नाव व अधिकृत उपशीर्षक यांखेरीज मजकुराला मज्जाव केला आहे. पुरस्कार नाहीत, अभिप्रायातली वाक्ये नाहीत, सवलतीची जाहिरात नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावर मान्यवरांच्या स्तुतीची तोरणे बांधण्याची सवय असलेल्या आपल्या प्रकाशनव्यवहाराने हा नियम जरूर न्याहाळावा. उरते काय? एक आकृती आणि एक नाव.

इथे आम्हांला कमल शेडगे (१९३५–२०२०) आठवले. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी त्यांनी आयुष्यभर अक्षरे घडवली. शेजारी दहा नाटकांच्या जाहिराती, छपाई वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर, आणि जागा दोन-तीन बोटांची. त्या जागेत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातूनच उमटला पाहिजे, ही अट त्यांनी पेलली. विनोदी नाटकाचे नाव वाचण्यापूर्वीच विनोदी दिसे, ऐतिहासिक नाटकाचे नाव तलवारीच्या पात्यासारखे उभे राही. पडद्यावरच्या दुकानाने आज घातलेली अट आपल्या अक्षरकलेने शाईच्या जमान्यातच ओळखली होती, हे आम्ही विद्यार्थ्याला आवर्जून सांगितले.

मात्र देवनागरीची स्वतःची एक गाठ आहे. रोमन मोठी अक्षरे एका उंचीत बसतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात. त्यामुळे तेवढ्याच पट्टीत मूळ अक्षर लहान होते. ‘तान्हा पोळा’ हे नाव लहान मापात पाहिले तेव्हा ‘न्हा’मधले जोडाक्षर काळ्या ठिपक्यासारखे दिसू लागले आणि ‘पो’वरची मात्रा आकाशात विरून गेली. जाड, गोलसर वळणाचे अक्षर घ्यावे तर पोटातल्या पोकळ्या बुजतात; बारीक घ्यावे तर नाव दिसेनासे होते. नुसते ‘पोळा’ ठेवण्याचा पर्याय होता. दोन अक्षरे, दुरून वाचता येणारी. पण तो शब्द खऱ्या बैलांचे आश्वासन देतो, आणि गेममध्ये खरा बैल एकही नाही. शेवटी दोन शब्द दोन ओळींत घेतले, ‘न्हा’ हाताने मोकळा लिहिला, मात्रा जाड केली. सर्वांत लहान चित्रात तर पार्श्वभूमी जवळजवळ काढून टाकली. तिथे नाव हेच चित्र.

खरा पेच पुढे होता. विद्यार्थ्याच्या एका हितचिंतकाने सुचवले की चित्रात भेगाळलेले शेत आणि आभाळाकडे पाहणारा म्हातारा घाला. यवतमाळ म्हटले की बाहेरच्यांना तेच ओळखू येते, आणि ओळखीचे चित्र बोट थांबवते. व्यवहाराच्या दृष्टीने हे अगदीच चूक नव्हते. आमच्यात मात्र त्यावरून दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की या जिल्ह्यातून रंगीबेरंगी बैल पाठवणे म्हणजे इथल्या कोरडवाहू कापसावर, कर्जावर आणि आत्महत्यांवर झूल पांघरणे. दुसऱ्याचे म्हणणे, जे दुःख गेममध्ये खेळायलाच मिळत नाही, ते दारावर टांगणे हा त्या दुःखाचाच व्यापार.

या वादात जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेले ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या बोलण्यात आले. निमंत्रण रद्द करण्यावरून उठलेल्या वादळानंतर त्याचे उद्घाटन जिल्ह्यातल्याच एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील महिलेच्या हस्ते झाले. त्या बाईंना प्रतीक म्हणून व्यासपीठावर बसवून मोकळे होणे सोपे होते. पण त्या बोलल्या, आणि बोलल्या तेव्हा त्या प्रतीक उरल्या नाहीत. चित्रातल्या म्हाताऱ्याला ही सोय नसते. तो फक्त पाहिला जातो.

तेव्हा आम्ही पुन्हा गेमकडे वळलो, म्हणजे संहितेकडे. पहिल्याच दृश्यात एक रिकामा गोठा आहे. बैलजोडी विकली गेली आहे; का, ते सांगितलेले नाही. आजोबा सुताराकडून लाकडी बैल करून आणतात, त्याच्या गळ्यात खऱ्या बैलाची घुंगरमाळ घालतात. माळ मोठी होते म्हणून तिला गाठ मारतात. खेळ इथून सुरू होतो. हे दृश्य आमच्यापैकी दोघांनीही घाईत ओलांडता येणार नाही असे आहे. जे चित्रात हवे की नको म्हणून आम्ही भांडत होतो, ते विद्यार्थ्याने एका गाठीत आधीच बांधून ठेवले होते.

मग चित्र ठरायला वेळ लागला नाही. समोर एकच लाकडी बैल, शिंगे रंगवलेली, गळ्यात त्याला न शोभणारी मोठी, गाठ मारलेली घुंगरमाळ. दोरी ताणलेली आणि चौकटीबाहेर गेलेली. ओढणारे मूल दिसत नाही. मागे पिवळसर एकरंगी भिंत. रंग काढून चित्र काळ्या-पांढऱ्यात पाहिले, तरी बैलाची आकृती ओळखू येते. लहान मापात माळेची गाठ दिसत नाही, हे खरे. ज्याचे बोट बैलावर थांबेल आणि जो मोठे चित्र उघडेल, त्यालाच ती दिसेल. चांगल्या कथेच्या शीर्षकाचेही असेच असते. कथा संपल्यावर ते पुन्हा वाचावे लागते.

आमच्यातला एक तट अजूनही पुरता समाधानी नाही. एवढ्या हसऱ्या बैलामागे जिल्हा दिसत नाही, असे त्याला वाटते. दुसऱ्याला वाटते, मुखपृष्ठाने जिल्ह्याशी नव्हे, कृतीशी प्रामाणिक राहावे. जिल्हा कृतीत असेल तर तो येईलच. हा वाद आम्ही मुद्दाम मिटवलेला नाही. येत्या सत्रात तो वर्गात न्यायचा आहे. विद्यार्थ्यांना एखादी परिचित कादंबरी द्यायची, बोटभर जागा द्यायची, एक आकृती आणि नाव एवढीच मुभा द्यायची, आणि काय वगळले ते लिहून आणायला सांगायचे.