दोन वेढे

ओसरीच्या भिंतीला तीन खुंट्या. पहिलीवर कुऱ्हाड, दुसरीवर पेट्रोलची कटर मशीन, तिसरीवर दोर. मशीन बघायला गावातली पोरं येतात. कुऱ्हाड हातात घेऊन म्हातारे तिचं वजन करतात. दोराकडे कोणी वळून पाहत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, अरुणावतीच्या काठाने, चाळीस वर्षं झाडं उतरवत आलेला या ओसरीचा मालक मात्र, तिन्हींतलं एकच ठेवायचं तर कोणतं असं विचारलं की तिसऱ्या खुंटीकडे बोट करतो. 'तोडाचं काय, कशानंबी तुटते,' तो म्हणतो. 'पडन कुठं, ते सांगा.'

झाड तोडणं वेगळं आणि झाड उतरवणं वेगळं. दोन्हींची मजुरीही वेगळी. रानातल्या मोकळ्या बाभळीला पडायच्या बाजूने खाच घेतली, पाठीमागून घाव घातले की ती पडते. हल्ली तेवढेही कष्ट कोणी घेत नाही. जेसीबी येतो, मुळासकट उपटतो आणि धुरा साफ होतो. या माणसाच्या वाट्याला येतात ती अडलेली झाडं. दोन घरांच्या मधला लिंब, शाळेच्या पत्र्यांवर झुकलेली चिंच, देवळामागचा वाळका शिरीष, विजेच्या तारेत हात घालून बसलेली सुबाभूळ. ही झाडं पाडता येत नाहीत. शेंड्यापासून बुडापर्यंत एकेक फांदी सुटी करायची, दोराला लटकवायची आणि अंगणातल्या तुळशीला धक्का न लावता जमिनीवर टेकवायची.

दोराशी त्याची ओळख झाली ती झाडाच्याही आधी. त्याच्या लहानपणी वऱ्हाडातल्या शेताच्या कडेने अंबाडीची ओळ असायचीच. पाल्याची आंबट भाजी व्हायची आणि काड्यांचा वाख. काड्या कापून त्यांच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबायच्या. पंधराएक दिवसांत साल कुजते. त्या दिवसांत नाल्याकडून येणारा वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो साठीतही ओळखू येतो. मग साल सोलायची, धुवायची, वाळवायची. संध्याकाळी आजा ढेरा फिरवत सुतळी काढायचा आणि नातू समोर टोक धरून उभा. पदर एका दिशेने पिळायचा, आणि असे तीन पदर एकमेकांत उलट दिशेने. या उलट्या पिळामुळेच दोर उलगडत नाही. प्रत्येक पदर सुटायला बघतो आणि सुटता सुटता शेजारच्याला आणखी घट्ट करतो. (एकत्र कुटुंबाचं याहून नेमकं वर्णन कोणी केलं असेल तर ते वाचायला आवडेल.)

१९७२ च्या दुष्काळात नाल्याला डोहच उरला नाही. अंबाडी कुजवायची कशात? त्या वर्षी घरात नवं दावं वळलं गेलं नाही. जुन्या येसणी, जुने कासरे गाठी मारमारून वापरले. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. गाठींची ओळख त्याला त्या वर्षी झाली: निरगाठ कसली की सुटता सुटत नाही, सुरगाठ टोक ओढलं की मोकळी. कुठली कुठे मारायची नाही, हे कळायला मात्र पुढची दहा वर्षं गेली.

आज्याच्या विहिरीवर मोट होती. मोटेला दोन दोर: जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर. गावात वीज आली, विहिरीवर मोटारपंप बसला, आणि नाडा बिनकामाचा झाला. बापाने तो उचलला आणि झाडाला लावला. तोवर बाप नुसता कुऱ्हाडीचा माणूस होता. नाडा हाती आल्यावर त्याला घराजवळची झाडं मिळू लागली, आणि मिळालेल्या प्रत्येक कामाला पोरगा सोबत. बापाच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कुऱ्हाडीने गेली असं सगळे समजत. गेली होती दोराने. फांदी सुटताना त्याने दोर पंजाला गुंडाळून धरला होता. बापाने धंद्यात दिलेली शिकवण दोनच वाक्यांची: 'हाताले गुंडाळू नोको. दोर पाह्य आंदी, झाड मंग.'

हाताला नाही, तर मग कशाला? शेजारच्या खोडाला. पन्नास वर्षांपूर्वी मोटकऱ्यालाही ठाऊक असलेली ही युक्ती, आणि तिचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडून ठेवलेलं. भाराचा दोर एखाद्या पक्क्या बुंध्याभोवती फिरवला की घर्षण काम करतं, आणि वेढे वाढवले की ते बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यात हातातल्या जोराच्या साडेसहा पट भार पेलता येतो. दुसरा वेढा घातला की त्रेचाळीस पट. म्हणजे दहा किलोच्या ओढीने चारशे किलोंची फांदी हवेत थांबते. ऑयलरचं नाव या माणसाने ऐकलेलं नाही. पण एक फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला ओंडका दोनेकशे किलो भरतो हे तो नजरेने सांगतो, आणि त्याला दोन वेढे लागतात हेही. तीन घातले तर दोर सरकतच नाही. फांदी एकदम हिसका देते आणि वर झाडावर असलेला माणूस हादरतो. वेढ्यावरचा माणूस निवडताना तो ताकद बघत नाही. बोलका माणूस तिथे नको, एवढंच बघतो.

सोयाबीन आलं आणि अंबाडी गेली. नव्वदच्या दशकापासून या पिकाने वऱ्हाडाचं रान बदललं. तणनाशकाच्या फवाऱ्यात कडेची ओळ टिकणं कठीण. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी, सावलीतलं पीक खुरटतं, बैल कमी झाले तसं वखर-तिफणीला लागणारं बाभळीचं लाकूडही कोणाला नको झालं. धुऱ्यावरची झाडं उठली. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्यात सोळा जाती आहेत: साग, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, चंदन, खैर, हिरडा वगैरे. त्या तोडायला परवानगी लागते. लिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. धुऱ्यावरून आधी कोण गेलं, हे त्यावरून ओळखावं. या माणसानेही त्यांतली पुष्कळ पाडली. तो ते नाकारत नाही. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा कामं आणखी वाढली, कारण नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, रुंद रस्ते.

मशीन त्याच्याकडे उशिरा आली. आता बाजारात ५८ सीसीच्या, बावीस इंची पात्याच्या चिनी मशिनी स्वस्तात मिळतात, आणि जर्मन किंवा स्वीडिश बनावटीच्या घ्यायच्या तर खिसा हलका करावा लागतो. त्याने आधी चिनी घेतली. तिने दोन उन्हाळे काढले. मग मध्यम आकाराची, पंचेचाळीस सीसीची जर्मन घेतली, जी वर झाडावर पेलवते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला वीस मिली की चाळीस, ते मशीनच्या पुस्तकात बघायचं, टपरीवर विचारायचं नाही, हा त्याचा दंडक. साखळीची धार तो गोल कानशीने रोज संध्याकाळी स्वतः लावतो. पूर्वी कुऱ्हाड लोहाराकडून शेवटून आणायची. आता भाता नाही, फक्त कानस.

या साखळीचा इतिहास मजेचा आहे. दातेरी साखळीची पहिली करवत लाकडासाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश शल्यवैद्यांनी ती हाड कापायला वापरली. आजच्या साखळीचा दात मात्र एका अळीची देणगी. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी बघितली. लाकडाचे तंतू उभे असोत की आडवे, ती दोन्ही जबड्यांनी डावी-उजवीकडे सारख्याच सहजतेने कापत होती. तिच्या जबड्यासारखे दात त्याने साखळीला दिले. आपल्याकडे याच जातकुळीच्या किडीला भिरूड म्हणतात. संत्र्याच्या बागेत भिरूड लागलं की शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि इथे तिचाच नमुना घेऊन कारखाने उभे राहिले.

मशीन वेगवान आहे, पण दोराची वैरीण आहे. चालती साखळी ताणलेल्या दोराला नुसती टेकली तरी दोर संपला. म्हणून परदेशातले चढणारे कमरेच्या पट्ट्याला पोलादी तारेचा गाभा असलेला दोर वापरतात. हा माणूस वेगळं करतो. आपण ज्या दोरावर लटकलोय त्याच्या हातभर अंतरात मशीन आणायचीच नाही. तिथे त्याची वाकडी हातकरवत, ओढताना कापणारी. वेळ लागतो. पण पंधरा मिनिटं वाचवायला मशीन एका हाताने चालवणारे दोघे त्याच्या ओळखीतले होते. त्यांच्यापैकी एक आता किराणा दुकान चालवतो, बसून.

नायलॉन आणि प्लास्टिकचे दोर आले तेव्हा तोही भुलला. पिवळाधमक, हलका, पाण्यात न कुजणारा. तो पॉलिप्रॉपिलीनचा होता हे नंतर कळलं. या दोराला ऊन खातं. वरून चमक राहते, आत धागे पिठासारखे होतात. शिवाय तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि फांदीवरून जोरात सरकताना घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होते. त्याने तो दोन उन्हाळे पत्र्यावर गुंडाळून ठेवला होता. तिसऱ्या वर्षी एका लिंबाची फांदी उतरवताना दोर मधोमध तुटला आणि फांदी गोठ्यावर आली. गाय बाहेर होती. पत्रे, एक आडवी वळी आणि पाण्याची टाकी त्याने भरून दिली. वस्तू वाईट नव्हती, असं तो आजही म्हणतो. कडब्याची गाडी बांधायला तिच्यासारखी नाही. झाडाला लावणाऱ्याची चूक. अंबाडीचा दोर तुटायच्या आधी करकरतो, पदर सोडतो, सांगतो. हा काही बोललाच नाही.

१ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वाशीम त्या सहांत होता. त्याच काळात एका गावातून त्याला निरोप आला. शेतातला एकटा लिंब, चांगला जिवंत, कोणाच्या आड न येणारा. का पाडायचा ते घरच्यांनी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. त्या दिवशी दोर त्याने घरीच ठेवला. मोकळ्या रानातलं झाड, दोराची गरजही नव्हती. कुऱ्हाडीला दोन तास लागले. म्हातारी शेवटपर्यंत झाडाकडे पाठ करून बसली होती. मजुरी त्याने घेतली. घेतली नसती तर तिला जास्त लागलं असतं.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारसला, ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी वादळी पावसात देवस्थानाजवळचा जुना लिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला. पावसामुळे लोक शेडखाली थांबले होते. सात जण गेले. त्यानंतरचे काही महिने त्याला फोन येत राहिले, 'आमचं झाड एकदा बघून जा' असे. तो जाऊन बघायचा. बुडाशी कुऱ्हाडीचा तुंबा ठोकायचा, पोकळ आवाज येतो का ऐकायचा, मुळाच्या बाजूची माती फुगली आहे का, भेग पडली आहे का बघायचा. दहांतल्या सात-आठ झाडांना काही झालेलं नसायचं. 'फक्त हा वाळका हात काढून घ्या,' असं सांगून तो परत यायचा. पुतण्या चिडायचा, कामं हातची जातात म्हणून.

हाच पुतण्या गेल्या वर्षी नवा दोर घेऊन आला. मऊ, पांढऱ्यात लाल धागा, आत गाभा आणि वरून विणलेलं कवच. माणसाला तोलणाऱ्या अशा दोरांना युरोपीय प्रमाणाप्रमाणे निदान बावीसशे किलोंचा स्थिर भार झेलावा लागतो. सोबत हार्नेस, हेल्मेट. काकाने दोर आधी नाकाशी नेला. कसलाच वास नाही, म्हणाला. मग हातभर हातभर करत पूर्ण लांबी बोटांतून सोडली, जसा आजा वाख तपासायचा, आणि एक टोक अंगणातल्या लिंबाला दोन वेढे घालून दुसऱ्या टोकाला स्वतः लटकला. पुतण्याने व्हिडिओ काढला. हार्नेस त्याने बांधलं; हेल्मेटखाली दुपट्टा मात्र सोडला नाही.

आता सामानाचे नियम ठरले आहेत. माणसाचा दोर वेगळा, फांद्यांचा वेगळा, आणि अदलाबदल नाही. दोन्ही उन्हात वाळवायचे नाहीत. पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवायचे नाहीत. ओला दोर तारेजवळ न्यायचाच नाही, कारण त्यातून वीज येते. मे महिन्यात महावितरणच्या तारांखालच्या फांद्या छाटायच्या असतील तर लाइन बंद झाल्याचं स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय शिडीला पाय लावायचा नाही. जुना झालेला दोर तो तुकडे करून टाकतो, नाहीतर कोणीतरी पुन्हा झाडाला लावणार. पण टाकतो म्हणजे काय? चार हातांचे तुकडे गोठ्यात जातात. गावातल्या अर्ध्या गायी सध्या परदेशी बनावटीच्या दाव्यांना बांधलेल्या आहेत.

दसऱ्याला तिन्ही खुंट्या रिकाम्या होतात. पाटावर कुऱ्हाड, मशीन, करवत. झेंडूचा मोठा हार मशीनलाच, कारण पुतण्याचा हट्ट. दोर पाटाखाली चुंबळीसारखा गुंडाळलेला.

पावसाळ्याआधी तुमच्या अंगणातलं झाड उतरवायला कोणी आलं, तर मशीन कोणत्या कंपनीची हे सावकाश विचारा. आधी त्याला दोर उलगडून दाखवायला सांगा, आणि तो पंजाला गुंडाळून धरतो की खोडाला वेढा घालतो तेवढं बघा.