अर्धी घागर

मित्रांनो, हातिमताईची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकली असेल. हातिम खरोखरच होऊन गेला. सहाव्या शतकात अरबस्तानातील तय जमातीत तो जन्मला. तो कवी होता आणि त्याच्या दानशूरपणाची कीर्ती दूरवर पसरली होती. पुढे त्याच्याभोवती पऱ्या आणि जादूगारांच्या अद्भुत कथा गुंफल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हैदरबख्श हैदरी यांनी त्या ‘आराइश-ए-महफिल’ या नावाने उर्दूत आणल्या. मराठीतही हातिमताईचे पुस्तक आले.

बीडजवळच्या आमच्या गावी शेजारच्या खालांकडे उर्दू हातिमताई होता आणि आमच्याकडे मराठी. संध्याकाळी ओट्यावर बसून खाला गोष्ट वाचून सांगत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी आमच्या फाटक्या पुस्तकात शोधत असे.

या गोष्टीत हातिम यमनचा शहजादा आहे. दुसऱ्या एका शहजाद्याचे काम व्हावे म्हणून तो राजवाडा सोडून एकटाच सात प्रश्नांची उत्तरे शोधायला निघतो. वाटेत एक भुकेला लांडगा हरिणीच्या मागे लागलेला दिसतो. हातिम हरिणीला वाचवतो. पण लांडगाही उपाशी राहू नये म्हणून स्वतःच्या मांडीचे मांस कापून त्याला देतो. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येई. आपणही हातिम व्हावे असे मला वाटे.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. माझे वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी असे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दोन मैलांवरच्या विहिरीतून पाण्याची घागर आणणे हे माझे काम होते.

एके दिवशी वाटेत एक म्हातारे धनगरबाबा भेटले. त्यांची शेळी रस्त्यात बसली होती. तिला उठवत नव्हते. मला हातिम आठवला. मी अर्धी घागर त्यांच्या डेचकीत ओतली. हातिमसारखे वागल्याचा मला फार आनंद झाला. पण घर जवळ येताच पाय जड झाले. घागर सांडली असे सांगावे का? क्षणभर तसे वाटले. मग मनात आले, हातिम खोटे बोलला असता का? मी आईला खरे तेच सांगितले.

आई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “बरं केलंस. आज अर्ध्यातच भागवू.”

त्या रात्री धाकट्या बहिणीने दोनदा पाणी मागितले. दोन्ही वेळा आईने आपल्या वाटणीचे पाणी तिला दिले आणि स्वतः तशीच झोपली. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते पाहत होतो. मी दिले ते सगळ्या घराचे पाणी होते. आईने दिले ते तिचे स्वतःचे होते. हातिम कोण, हे मला त्या रात्री कळले.

मित्रांनो, धाडसासाठी तलवारच लागते असे नाही. ज्याला थोडक्यात भागवता येते, त्याला देताना भीती वाटत नाही. ते जुने पुस्तक आजही माझ्याकडे आहे. तुम्हीही हातिमची गोष्ट वाचा. आणि वाचून झाल्यावर, आपल्या घरात कोण आपल्या वाटणीचे देऊन टाकते, तेही जरा पाहा.