नियम तिसरा

आमच्या गांवीं चर्चच्या आवारांत उन्हाळ्याच्या सुटींत बारा दिवस मुलांची 'सुटीची शाळा' भरत असते, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. कारण त्यांपैकीं पुष्कळांनीं तेथें लगोरी खेळतांना आपले गुडघे फोडून घेतलेले आहेत. वार्षिकाच्या संपादकांनीं या उपक्रमाविषयीं चार शब्द लिहून मागितले, तेव्हां गाणीं, गोष्टी, खेळ व बक्षिसें यांचा एक गोड वृत्तांत लिहून देण्याचा मोह आम्हांस झाला. तसा वृत्तांत आम्हीं मंडळीच्या वार्षिक सभेसाठीं पूर्वीं अनेकदां लिहिला आहे, व तो ऐकतांना लोक घड्याळाकडे पाहतात. म्हणून या खेपेस ज्या गोष्टीची आम्हांस लाज वाटली तीच सांगावी असें ठरविलें.

तीन उन्हाळ्यांपूर्वींची ही हकीकत. त्या वर्षीं सर्व व्यवस्था आमच्याकडे होती, आणि व्यवस्था म्हटली कीं आमच्या अंगीं एक प्रकारचा उत्साह संचारतो. आम्हीं एक हस्तपत्रक छापून घेतलें. वेळ सकाळीं ८ ते ११. त्याखालीं चार नियम. पहिला वेळेवर येण्याचा, दुसरा वही व पेन्सिल आणण्याचा, चौथा पालकांनीं मुलांस वेळेवर घेऊन जाण्याचा. तिसरा असा होता: "पांच वर्षांखालील भावंडांस बरोबर आणूं नये." हा नियम खास आमचा. आदल्या वर्षीं एका चिमुरड्यानें कागदकामाची खळ वाटीभर खाल्ली होती, व दुसऱ्यानें प्रार्थनेच्या वेळीं असा सूर लावला होता कीं पाळकसाहेबांस 'आमेन' दोनदां म्हणावें लागलें. तेव्हां नियमाची आवश्यकता कोणासहि पटण्यासारखी होती.

पहिल्या दिवशीं ६२ मुलें आलीं. आवार गजबजून गेलें, आणि आम्ही हजेरीपुस्तक कांखेंत मारून मोठ्या समाधानानें हिंडूं लागलों.

तिसऱ्या दिवशीं हावभावाचें गाणें चाललें असतां कुंपणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे एक मुलगी दिसली. वय दहाच्या आसपास. कडेवर वर्ष-दीड वर्षाचा भाऊ. आंतल्या मुलांबरोबर ती सगळें गाणें म्हणत होती. टाळीची जागा आली कीं तिची अडचण होई, कारण एक हात बाळास धरण्यांत गुंतलेला. मग ती मोकळ्या हातानें आपल्या मांडीवर थाप मारी, आणि ती थाप आंतल्या टाळ्यांपेक्षां तालांत अधिक नेमकी पडत असे.

चौथ्या दिवशीं ती फाटकाशीं येऊन उभी राहिली. आम्ही पुढें होऊन म्हणालों, "बाळाला घरीं ठेवून ये, म्हणजे तुला पुढच्या रांगेंत बसवूं."

"घरीं कोणी नाहीं."

"मग आई आल्यावर ये."

"आई दोनला येते."

शाळा अकरा वाजतां सुटते, असें आम्हीं तिला सांगितलें. तिनें बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलें व ती गेली.

आम्ही आंत येऊन पाठास आरंभ केला. त्या दिवशींचा पाठ मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतला होता. आया आपलीं मुलें प्रभूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि प्रभु शिष्यांवर रागावतो, तो प्रसंग. रंगीत चित्र फळ्यावर टांगलें होतें. "शिष्यांचें काय चुकलें?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां जवळजवळ सगळे हात वर झाले, व उत्तम उत्तर देणाऱ्यास आम्हीं एक पेन्सिल बक्षीस दिली. त्या वेळीं आम्हांस कांहींच वाटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सुटीची शाळा संपल्यावर आठ-दहा दिवसांनीं आठवड्याच्या बाजारांत एका बाईनें आम्हांस हांक मारली. आपली मुलगी कोण, हें तिनें कडेवर बोट दाखवूनच सांगितलें. कारण तोच मुलगा आतां तिच्या कडेवर होता. ती मार्केट यार्डांत कांदा निवडण्याच्या कामावर जाते. सकाळीं सातास घर सोडते. ती म्हणाली, "मास्तर, पोरगी तुमचीं गाणीं घरीं म्हणत होती. एक दिवस घरीं आली आणि म्हणेनाशीच झाली. तिनं कांहीं खोडी केली का तिथं?"

आम्हीं काय उत्तर दिलें तें आतां आठवत नाहीं. बहुधा कांहीं दिलेंच नसावें.

घरीं येऊन आम्हीं हजेरीपुस्तक उघडलें व प्रथमच नांवांपुढील पत्ते वाचले. ६२ पैकीं ५१ मुलें आमच्याच शाळेचीं, आणि बहुतेक नोकरदार घरांतलीं. मार्केट यार्डामागच्या गल्लींतून आलेलीं अवघीं चार, आणि तीं चारी मुलगे. ज्या मुलांच्या सुटीला आधींच आकार होता, त्यांनाच आम्हीं आणखी एक कार्यक्रम दिला होता. वेळहि ज्यांची सकाळ मोकळी त्यांच्या सोयीची. उन्हाचें कारण आम्ही पुढें करीत असूं. खरें कारण दुपारीं आम्हांस झोंप लागते हें होतें.

अध्यापनाच्या पदवीचा अभ्यास करीत असतांना आम्हीं ताराबाई मोडक यांच्यावरील एक टिपण तोंडपाठ केलें होतें, व परीक्षेंत त्यास गुणहि चांगले पडले होते. तें टिपण त्या रात्रीं शोधून काढलें. १९४५ सालीं ताराबाईंनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं बालशिक्षणाचें काम हातीं घेतलें; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. एका जागीं बालवाडी मांडून बसलें तर गरीब वस्तींतलीं मुलें तेथवर पोंचत नाहींत, हें त्यांस दिसून आलें. तेव्हां शिकविणाऱ्या बाईच वस्तींत जाऊं लागल्या आणि कोणाच्या तरी अंगणांत मुलांस जमवूं लागल्या. 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामांतून आलेला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तो शब्द देशभर गेला. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं तो रोज असतो. त्यांत 'अंगण' कां आहे, असें मात्र आम्हांस अद्याप कोणी विचारलेलें नाहीं.

पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यांत गेलें. तेथलीं मुलें दिवसभर गुरांमागें असत. घंटा वाजवून तीं येणार कशीं? म्हणून शिक्षण कुरणांत गेलें, व त्यास 'कुरणशाळा' हें नांव पडलें. मुलींच्या गळ्यांत धाकटीं भावंडें. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकत्र ठेविलीं, आणि त्यास 'विकासवाडी' म्हटलें. बाळ पाळण्यांत, बहीण वर्गांत. आमच्या टिपणांत या ओळीखालीं तांबड्या शाईची रेघ होती. ती रेघ आम्हींच मारलेली!

आपण ज्या शब्बाथशाळेस दर आठवड्यास जातों, तिचाहि आरंभ असाच आहे. १७८० सालीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर शहरीं रॉबर्ट रेक्स नांवाच्या वृत्तपत्रकारानें ती सुरू केली, ती मुलें सहा दिवस कामावर राबत व रविवारींच मोकळीं असत म्हणून. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत कष्टकऱ्यांसाठीं शाळा काढली ती रात्रीची. या सर्वांनीं आधीं कोणाला कोणत्या वेळीं सवड आहे तें पाहिलें. आम्हीं आधीं छापखाना गांठला.

दुसऱ्या वर्षीं वेळ दुपारीं ४ ते ६॥ अशी केली व तिसरा नियम खोडला. मुद्रकानें तो काढला, पण आंकडे तसेच ठेविले. त्यामुळें त्या वर्षींच्या पत्रकांत एक, दोन आणि चार असे तीन नियम आहेत. पत्रकें वांटण्याऐवजीं आमची पत्नी व महिला मंडळांतील दोन आजीबाई गल्लींत घरोघर जाऊन आल्या. आवारांतील कडुनिंबाच्या फांद्यांस जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधावयाच्या व त्यांपाशीं त्या दोघींनीं बसावयाचें, असें ठरलें.

याला विरोध झाला नाहीं असें नाहीं. मंडळींतील एका वडील गृहस्थांनीं "आपण शाळा काढली आहे कीं सूतिकागृह?" असें विचारलें. कित्येक पालकांनीं, चारला मुलांची शिकवणी असते, असें कळविलें. यांत त्यांचें कांहीं चुकत होतें असें आम्हांस वाटत नाहीं. आणि गोंगाटाविषयीं तर त्या वडील गृहस्थांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. त्या वर्षीं एकहि प्रार्थना शांततेंत झाली नाहीं.

एक लाभ मात्र अनपेक्षित झाला. नववी-दहावीचे मुलगे पूर्वीं भिंतीवर बसून खालच्यांची थट्टा करीत, व आम्ही त्यांस "आंत या, नाहीं तर घरीं जा" म्हणून दरडावीत असूं. ते घरीं जात. पहिल्याच दिवशीं एका आजीबाईंनीं त्यांतल्या एकास सहज म्हटलें, "बाबा, तुझा हात पोंचेल, एवढी दोरी वर टाक." तो झाडावर चढला. दुसऱ्या दिवशीं तिघे आले. आठवड्याच्या अखेरीस खो-खोचे पंच तेच, सरबत ढवळणारे तेच, आणि रडणाऱ्या पोराला खांद्यावर बसवून फिरविणारेहि तेच. या वयाच्या मुलांस "या, बसा" म्हटलें तर तीं येत नाहींत. "हें जरा धर" म्हटलें तर येतात. वीस वर्षें शिकवून ही गोष्ट आम्हांस त्या आजीबाईंकडून कळली.

शेवटच्या दिवसाचा बक्षीससमारंभहि आम्हीं सकाळचा काढून रात्रीं आठास ठेविला व त्याला कीर्तनाची जोड दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं कीर्तन ही आपली देशी रीत ख्रिस्ती उपासनेंत रंगविली. टिळक १९१९ सालीं निवर्तले, पण लहान मूल, त्याची आई व थकून आलेला बाप यांना एकाच सतरंजीवर बसवील असा दुसरा कार्यक्रम आम्हांस अजून सांपडलेला नाहीं. आया आंत आल्या. बाप फाटकाबाहेर दुचाक्यांवर बसून राहिले. उत्तररंगाला आरंभ झाला तेव्हां त्यांतले निम्मे सतरंजीच्या कडेस आलेले होते. एक जण तेथेंच झोंपीं गेला, व त्यास कोणीं उठविलें नाहीं.

हजेरी ६२ वरून ४४ वर आली. वार्षिक सभेंत हा आंकडा वाचतांना आमचा आवाज थोडा खालीं गेला. गल्लींतलीं मुलें त्यांत १९ होतीं. झोळींतलीं सात निराळीं. हजेरीपुस्तकांत त्यांस रकाना नव्हता.

ती मुलगी आली, दोनच दिवस. भाऊ आतां तिचें बोट धरून चालत होता. तिनें दोन्ही हातांनीं टाळी वाजविली. तिसऱ्या दिवशीं ती दिसली नाहीं, म्हणून आम्ही सायंकाळीं घरीं गेलों. आई म्हणाली, "आतां तो चालतो ना, शेजारची म्हातारी बघती त्याला. ही माझ्यासंगं कांद्याला येती, सुटीपुरती. आल्यावर अंग मोडून येतं तिचं. पण वह्यांचं भागतं." मुलगी उंबऱ्यांत बसून पायांची धूळ पुशीत होती, तिनें आमच्याकडे पाहिलें व ती किंचित् हंसली. पोरीस कामावर नेऊं नका, असें आम्हीं आईस सांगितलें, आणि वह्यांचा खर्च शाळेच्या मदतनिधींतून करविला. जूनमध्यें ती वर्गांत परत आली, एवढें आम्हीं स्वतः जाऊन पाहिलें. सुटीची शाळा तिच्यासाठीं एक वर्ष उशिरां सुधारली.

गेल्या उन्हाळ्यांत तिचा भाऊ एकटाच आला, साडेतीन वर्षांचा. हावभावाचें तें गाणें त्याला पाठ होतें. टाळीची जागा आली तेव्हां सगळ्या मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि त्यानें आपल्या मांडीवर एका हातानें थाप मारली. शेजारच्या मुलीनें त्याचे दोन्ही हात धरून टाळी कशी वाजवावी तें दाखविलें. पुढच्या कडव्याला त्यानें पुन्हा मांडीच थोपटली.

येत्या सुटींत शाळा याच वेळीं भरेल. झोळ्यांसाठीं जुन्या सुती साड्या पाहिजे आहेत. मागच्या बऱ्याच विरल्या. ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं धुवून शाळेच्या कार्यालयांत आणून द्याव्यात. दोरी आमच्याकडे आहे.