झाकण

मनुष्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचा ठाव घेणें मला कधींच साधलें नाहीं. मोटारीच्या चेहऱ्यावर मात्र एक लहानसा पिवळा दिवा लागतांच घरांतल्या किती माणसांचे चेहरे पालटतात, हें मीं गेल्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत पाहिलें.

सुटींत मी मुलीकडे राहावयास गेलों होतों. ती व जावई दिवसभर कामावर असत. म्हणून त्यांची जुनी मोटार माझ्या स्वाधीन झाली होती. भाजी आणावी, वाचनालयांत तासभर बसावें आणि वाटेंत पेट्रोल भरावें, एवढाच काय तो माझा कारभार! तेथें पेट्रोल ज्याचें त्यानेंच भरावयाचें असतें. पहिल्या आठवड्यांतच मला तें जमूं लागलें, आणि या वयांत एक नवी विद्या आपल्या हातीं आली म्हणून मी मनांतल्या मनांत थोडा फुशारलोंहि होतों.

एके संध्याकाळीं मुलीनें विचारलें, "बाबा, हा दिवा केव्हांपासून लागला आहे?" इंजिनाच्या आकृतीचा तो दिवा काय बिघडलें हें सांगत नाहीं, वडीलधाऱ्या माणसानें माजघरांतून नुसतें खाकरावें, तसा तो असतो. जावयांनीं एक लहानसें यंत्र आणून स्टिअरिंगखालच्या खोबणींत बसविलें. १९९६ सालापासून अमेरिकेंतल्या प्रवासी मोटारींना ही खोबण सक्तीची आहे. यंत्रावर अक्षरें उमटलीं : पी ०४५५. अर्थ असा कीं, पेट्रोलची वाफ कोंडून ठेवण्याच्या व्यवस्थेंत मोठी गळती आहे.

"वाफेसाठीं एवढा गाजावाजा?" मी म्हणालों. जावयांनीं मग मला समजावून सांगितलें. मोटार नुसती उभी असली तरी टाकींतल्या पेट्रोलची वाफ होतच असते, आणि पूर्वी ती खुशाल हवेंत जाई. १९४३ च्या जुलैंत लॉस एंजेलिस शहरावर असें कांहीं दाट धुकें उतरलें कीं, लोकांचे डोळे चुरचुरूं लागले. पुढें हागेन-स्मिट नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें त्याचें मूळ शोधलें. हा गृहस्थ त्यापूर्वीं अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होता! पेट्रोलच्या वाफा व धूर यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें धुकें बनतें, असें त्यानें दाखवून दिलें. १९७० सालीं कॅलिफोर्नियानें आणि १९७१ सालीं साऱ्या अमेरिकेनें नव्या मोटारींच्या वाफेला बंधन घातलें.

तें बंधन मोठें सुबक आहे. मोटार उभी असतांना वाफ कोळशाच्या एका डब्यांत शोषली जाते. इंजिन चालूं लागलें कीं एका बाजूची व्हेंट व्हॉल्व्ह ताजी हवा आंत घेते, दुसऱ्या बाजूची पर्ज व्हॉल्व्ह उघडते, आणि सांठलेली वाफ इंजिनांत जाऊन जळते. मधून मधून मोटार स्वतःचीच परीक्षा घेते : दोन्ही दारें बंद करून आंतला दाब टिकतो कीं नाहीं, हें ती पाहते. अर्ध्या मिलिमीटरचें भोंकहि तिला कळतें. परंतु ही परीक्षा ती वाटेल तेव्हां देत नाहीं. इंजिन थंड हवें, टाकी तुडुंब नको आणि रिकामीहि नको. त्यामुळें प्रत्येक दुरुस्तीनंतर निकालासाठीं दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते. परीक्षकाचा धंदा करणाऱ्या मला या गोष्टीचें विशेष कौतुक वाटलें.

प्रथम टाकीचें झाकण घट्ट केलें. चार दिवस बरे गेले; पांचव्या दिवशीं दिवा हजर. मग नवें झाकण आणलें, पुन्हां दिवा. एका दुरुस्तीखान्यानें तर कांहीं न तपासतांच पर्ज व्हॉल्व्ह बदलून दिली आणि पैसे घेतले. आठवड्यानें दिवा पुन्हां लागला. पुढच्या महिन्यांत मोटारीची सरकारी धूर-तपासणी होती. "दिवा पुसून टाकतां येत नाहीं का?" असें मीं सुचवून पाहिलें. जावई हंसले. पुसला तर मोटारीनें दिलेल्या परीक्षांची नोंदहि पुसली जाते, आणि तपासणारे नेमकी तीच पाहतात! या सर्व काळांत माझ्या वक्तृत्वाला मात्र भरती आली होती. मीं झाकणाला दोष दिला, दुरुस्तीखान्याला दिला, फार काय, अर्ध्या मिलिमीटरसाठीं जीव टाकणाऱ्या राष्ट्रालाहि दिला.

अखेर एका वृद्ध मेकॅनिककडे गेलों. त्यानें आंकड्याकडे क्षणभरच पाहिलें. "हा आंकडा दुखतें कोठें तें सांगतो, कां, तें सांगत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. नंतर यंत्राच्या साहाय्यानें व्हेंट व्हॉल्व्ह बंद करावयास लावून त्यानें त्या नळ्यांत अगदीं मंद दाबानें पांढरा धूर सोडला आणि विजेरी घेऊन तो मोटारीखालीं शिरला. झाकणापाशीं धूर नव्हता. नळ्यांपाशींहि नव्हता. मागच्या बाजूला, कोळशाच्या डब्याजवळ, उदबत्तीच्या रेघेसारखा एक बारीक धागा वर येत होता. बंद असावयाची व्हेंट व्हॉल्व्ह बंद होतच नव्हती. त्यानें ती काढून तळहातावर ठोकली, तों काळे बारीक कण बाहेर पडले.

"डबा जुना होताच, आणि त्यांत पातळ पेट्रोल शिरलें आहे," तो म्हणाला. "त्यानें कोळसा फुटला. पंपाची तोटी टक् करून थांबली कीं आपण थांबतां ना?"

"अर्थातच," जावई ताबडतोब म्हणाले.

मी गप्प राहिलों. पुण्याच्या पंपावर 'राउंड फिगर करा हो' असें सांगण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं आहेत. येथें सांगावयास कोणी नव्हतें, म्हणून टक् झाल्यावर मी स्वतःच दोन-तीन वेळां तोटी दाबून डॉलर पुरे करीत असें. तो वरचा घोट टाकीनें घेतला नव्हता. कोळशानें घेतला होता. इतकेंच नव्हे, तर एकदां पेट्रोल भरल्यावर मोटार चालूं होतांना फार कुरकुरली होती, आणि तें मीं कोणालाच सांगितलें नव्हतें. उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईनें 'असंबद्ध' असा शेरा मारून पुढें जाणारा मी! मुलगा असंबद्ध कां लिहितो, हें मीं तरी कितीदां विचारलें होतें?

परततांना मोटारींत आम्ही दोघेच होतों. बराच वेळ धीर झाला नाहीं. शेवटीं मी म्हणालों, "टक् झाल्यावर मी थांबत नव्हतों."

जावयांनीं रस्त्यावरची नजर काढली नाहीं. "ठाऊक आहे मला, बाबा," ते म्हणाले. "पावत्या गाडींतच पडल्या होत्या. प्रत्येक रक्कम पुऱ्या डॉलरांत."

म्हणजे त्यांचें तें 'अर्थातच' अज्ञानांतून आलें नव्हतें. महिनाभर मी ज्या झाकणाला नांवें ठेवीत होतों त्याच्यापेक्षां पुष्कळच घट्ट असें एक झाकण त्यांनीं माझ्यावर बसविलें होतें.

नवा डबा व नवी व्हॉल्व्ह बसली. थोड्या दिवसांनीं मोटार आपल्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. सरकारी तपासणीहि पार पडली. खर्चाचा आंकडा मला शेवटपर्यंत कोणी सांगितला नाहीं. मुलीला यांतलें किती ठाऊक आहे, हेंहि मीं विचारलें नाहीं. पुण्यास परतल्यावर पंपावरच्या मुलानें नेहमींप्रमाणें विचारलें, "राउंड करूं का, साहेब?" मी 'नको' म्हणालों, आणि खिशांतून सुटी नाणीं मोजूं लागलों.