मद्रासचा हिरवा सूर्य

चेन्नई

चि. सानिका हिस,


जकार्ताहून तू पाठवलेल्या फोटोंत अनाक क्राकाताऊ ज्वालामुखी छान आला आहे. त्याच जागेवरच्या जुन्या क्राकाताऊने एकदा या शहराचा सूर्य हिरवा केला होता. ती हकिगत कळवते.

1883 च्या सप्टेंबरचा दुसरा आठवडा. मद्रासला उगवतीचा आणि मावळतीचा सूर्य हिरवा दिसू लागला. ख्रिश्चन कॉलेजचे प्राध्यापक सी. मिची स्मिथ यांनी वर्णपटदर्शकातून पाहिलं, तर प्रकाशातला तांबडा भाग अगदी क्षीण झालेला. हेच स्मिथ पुढे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे पहिले संचालक झाले.

कारण घडलं होतं तुमच्याकडे, 27 ऑगस्टला: क्राकाताऊचा स्फोट. जावा-सुमात्राखाली हिंदी महासागराचा तळ सरकत आत जातो. त्याच्याबरोबर खोल गेलेलं पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं आणि त्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो. असा शिलारस चिकट असतो. वायू त्यात कोंडून राहतात. वर येताना दाब कमी झाला की ते एकदम फुगतात आणि डोंगरच फुटतो. त्या दिवशीचा आवाज सुमारे 4,800 किलोमीटरवरच्या रॉड्रिग्स बेटावर ऐकू गेला!

राख आणि गंधकाचे वायू थेट स्थितांबरात पोहोचले. तिथल्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांनी तो ढग पश्चिमेकडे नेला आणि साधारण दोन आठवड्यांत त्याची विषुववृत्ताभोवती एक फेरी पुरी झाली. त्यातले कण आकाराने जवळपास सारखे आणि अशा मापाचे होते, की तांबडा प्रकाश जास्त विखुरला आणि हिरवा पुढे आला. एरवी धुळीतून सूर्य लाल दिसतो. इथे नेमकं उलट झालं.

मद्रासला रंग दिसले, जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावर मात्र गावंच्या गावं गेली. 36,000 हून अधिक माणसं मेली, त्यातली बहुतेक लाव्ह्याने नव्हे, समुद्राच्या लाटांनी. त्या लाटांची क्षीण नोंद मद्रासच्या भरतीमापकावरही उमटली होती.

म्हणून तुला एक सांगणं. अनाक क्राकाताऊ 1927 मध्ये समुद्रातून वर आला आणि अजून जागा आहे. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री त्याचा एक उतार समुद्रात कोसळला. सावध करणारा भूकंपाचा मोठा हादरा बसलाच नाही, लाट मात्र आली. 400 हून अधिक माणसं गेली. सुट्टीत अन्येरच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं, तर आधी तिथल्या ज्वालामुखी केंद्राची सूचना बघ आणि उंचावर जायची वाट विचारून ठेव.

तुझी,
मावशी