गॉडस्टोचा नदीकांठ

ऑक्सफर्ड या इंग्लंडांतील विद्यानगरीच्या नांवाचा मूळ अर्थ ‘बैलांचा उतार’. त्यांतील ‘ऑक्स’ आणि आपला ‘उक्षन्’ हे शब्द एकाच कुळांतले. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तेवढ्यानेंच तें गांव परकें वाटेनासें झालें.

चिरंजीव व सात वर्षांची नात यांच्यासह मी थेम्सच्या कांठानें, पोर्ट मेडो या विस्तीर्ण कुरणालगत, गॉडस्टो येथील जुन्या मठाच्या भग्नावशेषांपर्यंत चालत गेलों. ४ जुलै १८६२ रोजीं फॉली पुलापासून येथवर एक होडी आली होती. क्राइस्ट चर्च कॉलेजांतील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, त्यांचे एक मित्र आणि कॉलेजच्या डीनच्या तीन मुली तींत होतीं. डॉजसन यांनीं सशाच्या बिळांत पडलेल्या मुलीची गोष्ट वाटेंत रचीत रचीत सांगितली. दहा वर्षांच्या ॲलिसनें ती लिहून मागितली. १८६५ मध्यें ल्यूइस कॅरोल या टोपणनांवानें ती छापून निघाली.

‘अथीनियम’ या नामांकित साप्ताहिकाच्या परीक्षकाला मात्र ती ओढूनताणून रचलेली वाटली. मूल तींत रमण्यापेक्षां गोंधळेल, असें त्याचें मत पडलें. मुलांच्या पुस्तकांत बोध हवाच, असा तेव्हांचा दंडक. कॅरोल यांनीं तर मुलांकडून घोकून घेतल्या जाणाऱ्या बोधपर कवितांचें विडंबन केलें, आणि प्रत्येक गोष्टींतून तात्पर्य काढणारी एक डचेसही कथेंत आणली.

वाचकहो, सांगावयास संकोच वाटतो, पण माझा दंडकही तोच होता. चिरंजीव दहा वर्षांचा असतांना, परीक्षेच्या तोंडावर, हेंच पुस्तक मीं त्याच्या हातांतून काढून घेतलें. “विष्णुशर्म्यानें तीन राजपुत्रांपुढें बोलके प्राणी आणले ते नीति शिकविण्यासाठीं. हा ससा काय शिकवितो?” असें म्हणून तें कपाटांत कुलपांत ठेवलें. त्यानें तें पुन्हां कधीं मागितलें नाहीं.

गॉडस्टोच्या हिरवळीवर नातीनें गोष्टीचा हट्ट धरला. चिरंजीव सांगूं लागला : ससा, बीळ, बाटली, अश्रूंचें तळें. इतकीं वर्षें लोटलीं तरी एकही दुवा निसटला नव्हता. एकाएकीं तो थांबला.

“मग?” नातीनें विचारलें.

“मग आजोबांनीं पुस्तक कपाटांत ठेवलें,” तो हसून म्हणाला. त्या हसण्यांत राग नव्हता, हेंच मला अधिक लागलें.

नात माझ्याकडे वळली. “आजोबा, पुढें काय झालें?”

मला ठाऊक नव्हतें. न वाचलेल्या पुस्तकावर मीं निकाल दिला होता. पंचतंत्रांतील वानर आणि मगर मला बालपणापासून आठवतात. त्या कथेची नीति सांगण्यासाठीं मात्र वर्गांत मला पोथी उघडावी लागे. तात्पर्य आम्ही मोठीं माणसें विचारतों, मूल ‘मग?’ असें विचारतें, आणि वाचनाची गोडी त्या ‘मग’मुळेंच लागते.

क्राइस्ट चर्चसमोर सेंट ऑल्डेट्स रस्त्यावर एक चिमुकलें दुकान आहे. कॅरोल यांच्या दुसऱ्या पुस्तकांतील मेंढीच्या दुकानाचें मूळ तेंच. तेथें मीं पुस्तक विकत घेतलें. त्या रात्रीं अश्रूंच्या तळ्यापासून पुढें वाचन सुरू झालें. वाचणारा मी, ऐकणारीं दोघें, एक सात वर्षांची आणि दुसरा अडतीस वर्षांचा.