यादीतून कोणी सुटू नये

1917 साली बाबासाहेब लंडनमधील शिक्षण अर्धवट ठेवून मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी परदेशात जमवलेले ग्रंथ आणि सामान वेगळ्या जहाजाने यायचे होते. पहिल्या महायुद्धाचा तो काळ. ते जहाज जर्मन पाणबुडीच्या माऱ्याला बळी पडले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती संपदा समुद्राच्या तळाशी गेली. भरपाईची रक्कम पुढे हाती आली, पण ग्रंथ आले नाहीत. इतिहासाचा अभ्यासक म्हणून या घटनेकडे पाहताना आम्हास नेहमी एकच गोष्ट जाणवते. सारा ठेवा एकाच जहाजात असला की ते जहाज बुडताच सारेच बुडते.

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत हा प्रसंग आठवण्याचे कारण असे की, गेल्या काही महिन्यांत आपल्याकडेही एक ठेवा सुरक्षित स्थळी पोहोचविण्याचे काम चालले होते. केज तालुक्यातील आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांची कथने, बुद्धजयंतीचे जलसे आणि वसतिगृहाचे जुने कार्यक्रम विद्यालयाच्या चाळीस मिनी-डीव्ही टेपांवर चित्रित आहेत. त्यांत 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावात काय बदलले हे सांगणाऱ्या आजी आहेत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आहेत. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. या दोन तारखांमधल्या साडेपंधरा वर्षांत आपल्या वस्त्यांनी काय सोसले, हे स्वतः सोसलेल्यांच्या तोंडून त्यांत ऐकावयास मिळते. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. त्या टेपा चालविणारे कॅमेरेही आता तयार होत नाहीत.

टेपेवरील चित्रण संगणकावर उतरविणे हा कामाचा पहिला भाग होता. एका तासाच्या मिनी-डीव्ही टेपेची मूळ दर्जाची फाइल सुमारे 13 जीबी होते. चाळीस टेपांचे 520 जीबी झाले. ही फाइल एका संगणकावर, एकाच खोलीत ठेवणे म्हणजे पुन्हा एकाच जहाजाचा भरवसा धरणे होते. म्हणून क्लाउड भांडारात प्रत ठेवण्याचे ठरले. 'क्लाउड' या शब्दामुळे हे सारे आभाळात राहते असा समज होतो. प्रत्यक्षात त्या जमिनीवरच्या इमारती असतात, त्यांत संगणकांच्या रांगा असतात, आणि जागेचे भाडे दरमहा मोजावे लागते. आपण निवडलेली अ‍ॅमेझॉनची 'एस-थ्री' ही सेवा 2016 पासून मुंबईतील केंद्रांतूनही मिळते.

मात्र तेथे एका दमात जास्तीत जास्त 5 जीबीची फाइल पाठविता येते. आपली एक टेप त्याच्या अडीचपटीहून मोठी. शिवाय मर्यादा नसती तरी अडचण सुटली नसती. सेकंदाला 1 एमबी या वेगाने 13 जीबी चढविण्यास पावणेचार तास लागतात. तेवढ्या वेळात वीज एकदा गेली की साडेतीन तासांचे श्रम वाया जाऊन पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी पाठविणे. याला 'मल्टिपार्ट अपलोड' म्हणतात. आपल्या वसतिगृहात वाढलेल्या आणि आता पुण्यात संगणकक्षेत्रात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी पायथॉन भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला. पायथॉनमधील 'बोटो-थ्री' हे तयार साधन मोठ्या फाइलचे तुकडे आपोआप करते. परंतु प्रोग्रामच बंद पडला तर ते पुढच्या वेळी नव्याने आरंभ करते. शिवाय ते एकाच वेळी दहा तुकडे पाठवू पाहते, आणि आपल्या बारीक जोडणीला ते पेलत नाही. म्हणून त्याने प्रत्येक पायरी स्वतंत्र लिहिली आणि एका वेळी दोनच तुकडे जातील अशी व्यवस्था केली.

ही रीत आपल्या पालकांना समजावून सांगणे आम्हास अवघड गेले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागणारी माणसे आपल्या जिल्ह्यात हजारोंनी आहेत. उसाचा फड कोणी एकदम उचलून नेत नाही. मोळ्या बांधल्या जातात, गाडी भरते, काट्यावर वजन होते आणि वजनाची पावती मिळते. येथेही तसेच आहे. प्रथम भांडाराला कळवायचे की अमुक नावाची फाइल येत आहे. त्यावर भांडार एक ओळखक्रमांक देते. मग 64 एमबीचा एकेक तुकडा क्रमांक घालून पाठवायचा. 13 जीबीच्या फाइलचे असे 208 तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पोहोचला की 'ई-टॅग' नावाची पावती परत येते. शेवटी सर्व क्रमांक आणि पावत्या यांची यादी सादर करून 'पूर्ण झाले' असे सांगायचे. मगच भांडार तुकडे क्रमाने जोडून अखंड फाइल उभी करते.

वीज गेली तरी ओळखक्रमांक वहीत आणि संगणकात नोंदलेला असतो. वीज आल्यावर प्रोग्राम भांडाराला विचारतो की कोणकोणते तुकडे पोहोचले, आणि उरलेलेच पाठवितो. अर्धवट राहिलेल्या एक-दोन तुकड्यांपुरतेच नुकसान होते. तुकड्याच्या आकारालाही नियम आहे. शेवटचा वगळता कोणताही तुकडा 5 एमबीहून लहान चालत नाही, आणि एका फाइलचे 10,000 हून अधिक तुकडे करता येत नाहीत. शेवटचा तुकडा मात्र कितीही लहान असू शकतो. तुकड्यांना क्रमांक आहेत, पण त्यांत प्रतवारी नाही. श्रेणीबद्ध विषमतेच्या देशात राहणाऱ्या आम्हास ही गोष्ट मनोमन आवडली.

नोंदवही ठेवण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनी केले. फाइलचे नाव, आकार, तुकड्यांची संख्या, सुरुवातीची व शेवटची वेळ, आणि फाइलचा 'चेकसम'. चेकसम म्हणजे गणिताने काढलेला फाइलचा अंगठा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हा ठसा पार बदलून जातो. ज्या समाजाच्या अंगठ्याचा उपयोग सावकाराने कर्जखतावर करून घेतला, त्या समाजाची मुले आपल्या आजोबांच्या शब्दांचा ठसा स्वतः पडताळून पाहत होती.

या कामातील एक बारकावा मात्र आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटला. शेवटच्या यादीत नोंदलेला तुकडा भांडारात नसेल, किंवा त्याची पावती जुळत नसेल, तर भांडार फाइल जोडण्यास नकार देते. पण एखादा तुकडा यादीतूनच सुटला, तर भांडार काहीही विचारत नाही. तो तुकडा तेथे पोहोचलेला असूनही त्याला वगळून फाइल जोडली जाते आणि 'पूर्ण' म्हणून नोंदली जाते. मूळ फाइलशी आकार व ठसा ताडून पाहिल्याशिवाय ही उणीव उघड होत नाही. आमच्या माणसांचे इतिहासात हेच झाले. ती घडामोडींत नव्हती असे नाही. ती होती, राबली, लढली, पण यादी करणाऱ्यांनी त्यांना यादीत घेतले नाही, आणि इतिहास पूर्ण झाल्याचे जाहीर केले. 'मूकनायक' 1920 साली निघाला तो मुक्यांची ही सुटलेली नोंद करण्यासाठीच. म्हणून आपली यादी आपणच करावी आणि ती मुळाशी ताडून पाहावी.

बौद्ध परंपरेला ही शिस्त नवी नाही. बुद्धवचन लेखनबद्ध होण्यापूर्वी अनेक शतके भिक्खूंनी ते मुखोद्गत राखले. एकाने सारे पाठ करावे अशी अपेक्षा नव्हती. दीघनिकाय पाठ करणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय पाठ करणारे मज्झिमभाणक, अशी वाटणी होती, आणि एकत्र पठणातून शब्द ताडले जात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहिले गेले. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या मिंडोन राजाने मंडाले येथे ते 729 संगमरवरी शिलांवर कोरून घेतले. 1860 मध्ये सुरू झालेले हे काम 1868 मध्ये पुरे झाले. 1885 नंतर इंग्रजी फौजांच्या काळात तेथील सोने व रत्ने लुटली गेली, पण अक्षरे टिकली.

भांडारात प्रत ठेवली म्हणजे चिंता संपली, असेही नाही. जोडणी पूर्ण न झालेले तुकडे फाइलींच्या साध्या यादीत दिसत नाहीत, तरी त्यांचे भाडे चालूच राहते. म्हणून सात दिवसांत पूर्ण न झालेले अपलोड आपोआप रद्द व्हावे, असा नियम आपण तेथे लावून ठेवला आहे. भाडे थकले तर कोणतीही कंपनी आपला ठेवा फुकट सांभाळणार नाही. म्हणून दोन हार्ड डिस्कवर स्वतंत्र प्रती काढल्या. एक विद्यालयात आहे, तर दुसरी केजबाहेर. ज्या कथनांत अत्याचाराच्या आठवणी आहेत, ती बोलणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीशिवाय कोणासही खुली होणार नाहीत. साक्ष जपणे आणि साक्षीदाराची प्रतिष्ठा जपणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत.

आजवर 31 टेपा पोहोचल्या, ताडून झाल्या, आणि नोंदवहीत त्यांपुढे 'पूर्ण' असे लिहिले गेले. नऊ बाकी आहेत. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांना आमची विनंती आहे की, आपल्या घरातील ट्रंकेत, माळ्यावर, लग्नाच्या अल्बमाशेजारी एखादी कॅसेट, जलशाचे ध्वनिमुद्रण किंवा मोर्चातील छायाचित्र असेल तर ते विद्यालयात आणावे. मूळ वस्तू आपणास परत मिळेल. तिच्यातील व्यक्तींची नावे मात्र सोबत लिहून द्यावीत. चेहरा कोणाचा हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच ही नावे यादीत येऊ शकतात.

जय भीम!